दुकानात आलेले साहेब नेमके कोण?

इंदुरात दुकान चालवणाऱ्या माणसाच्या तोंडी “आज निगमवाले आले होते” हे वाक्य फार सहज येते. आलेला माणूस नगर निगमाचा असो, खाद्य सुरक्षा विभागाचा असो, श्रम विभागाचा असो किंवा तराजूवर शिक्का आहे का हे पाहणारा नापतौल विभागाचा असो, गल्ल्यावर बसलेल्याच्या लेखी ते सगळे निगमवालेच असतात. लोकमान्यनगरात घरगुती फराळाचे छोटे दुकान चालवणाऱ्या, माझ्या ओळखीच्या एका काकूंनी दिवाळीच्या तोंडावर मला फोन करून विचारले होते, “अरे, निगमवाल्यांनी चकलीचं सँपल नेलं. आता दंड झोनवर भरायचा की भोपाळला जावं लागेल?” त्यांच्या हाती ठेवलेला कागद पाहिल्यावर उलगडा झाला. नमुना निगमाने नेलेला नव्हता, दंड अजून कोणी केलेलाच नव्हता, आणि भोपाळला जायचे होते ते काकूंना नव्हे, चकलीला.

असा गोंधळ होण्याचे कारण असे, की एकाच दुकानाकडे कायदा निरनिराळ्या बाजूंनी पाहतो आणि प्रत्येक बाजूसाठी त्याने निराळा माणूस, निराळा कागद आणि निराळा दंड नेमून दिला आहे. दुकानातून बाहेर काय पडते, म्हणजे कचरा, सांडपाणी, पायरीवर ओघळलेले तेल, फुटपाथवर सरकवलेले टेबल, हे नगर निगम पाहते. गिऱ्हाइकाच्या पोटात काय जाते, हे राज्याचा खाद्य सुरक्षा विभाग पाहतो. आणि या दोहोंच्या मध्ये जो दिवसभर उभा असतो, कढईपाशी घाम पुसणारा किंवा पुडी बांधणारा, त्याला किती तास राबवले, सुट्टी दिली की नाही, पगार वेळेवर झाला की नाही, हे पाहण्याचे काम श्रम विभागाकडे आहे. पहिल्याच्या हाती मध्यप्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, १९५६ आहे. दुसऱ्याच्या हाती केंद्राचा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६. तिसऱ्याच्या हाती मध्यप्रदेश दुकान तथा स्थापना अधिनियम, १९५८ आणि त्याच्या जोडीला आता नव्या श्रमसंहिता. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एवढेच सांगतो, की तुमच्याकडच्या महानगरपालिकेला इथे नगर निगम म्हणतात, आणि दंड ‘होत’ नाही, ‘चालान कापले जाते’.

निगमाची बाजू सर्वांत परिचित आहे. शहरात ८५ वॉर्ड आहेत, ते निरनिराळ्या झोनमध्ये विभागलेले आहेत, आणि दुकानदाराची गाठ सहसा पडते ती वॉर्डाच्या दरोग्याशी, म्हणजे सफाईवर देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्याशी, किंवा त्याच्या वर असलेल्या सीएसआयशी, म्हणजे मुख्य स्वच्छता निरीक्षकाशी. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवला आहे का, दुकानासमोर डबा आहे का, बंदी असलेले प्लास्टिक सापडते का, सामान रस्त्यावर आले आहे का, हे ते पाहतात. प्लास्टिकच्या बाबतीत दोन तारखा ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत: १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याचे काटे, चमचे, पेले, स्ट्रॉ यांसारख्या वस्तूंवर देशभर बंदी आली, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी बेकायदा ठरली. निगमाच्या कारवाईचे स्वरूप जागच्या जागी दंडाचे असते. प्रयोगशाळा नाही, लांबलचक सुनावणी नाही. दिसले की चालान. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर सतत अग्रस्थानी राहिले, त्यात या झटपट दंडाचा वाटा मोठा आहे हे मान्य करावे लागेल. मात्र या पद्धतीची मर्यादाही तिच्यातच आहे: डोळ्यांना दिसते तेवढ्यावरच ती चालते. जाता जाता एक जुनी आठवण सांगण्यासारखी आहे. होळकर दरबाराने बोलावलेले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी इंदूरविषयीचा आपला अहवाल १९१८ साली दिला. प्लेगने हैराण झालेल्या या शहरात त्यांनी दंडाऐवजी दिवाळीची मिरवणूक काढली होती, तिच्यात घाणीचा राक्षस आणि प्लेगचे उंदीर मिरवले गेले, आणि मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार हे तिथल्या लोकांनी घरे-गल्ल्या किती साफ केल्या यावर ठरले. इंदुरात स्वच्छतेची चुरस शंभर वर्षांपूर्वीही लागली होती, ती अशी.

अन्नाच्या बाबतीत लोकांची चूक होते, कारण एकेकाळी अन्नाची तपासणी अनेक शहरांत खरोखरच पालिकेकडे होती. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली कितीतरी ठिकाणी अन्न निरीक्षक हा स्थानिक संस्थेचा नोकर असे. २००६ चा कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला आणि ही साखळी बदलली. आता राज्यात अन्न सुरक्षा आयुक्त, जिल्ह्यात अभिहित अधिकारी (डेझिग्नेटेड ऑफिसर) आणि त्याच्या हाताखाली खाद्य सुरक्षा अधिकारी अशी उतरंड आहे. ‘फूड इन्स्पेक्टर’ हा जुना शब्द तेवढा लोकांच्या तोंडी उरला. बदल पदनामापुरता नव्हता. जुन्या कायद्याचा सारा रोख भेसळ पकडण्यावर होता, म्हणजे दुधात पाणी आहे का, तुपात डालडा आहे का. नव्या कायद्याने विचारायला सुरुवात केली ती त्या पदार्थाच्या आधीची गोष्ट: तो कुठल्या जागेत, कोणत्या पाण्यात, कोणाच्या हातांनी तयार झाला. नामांकित दुकानापासून हातगाडीपर्यंत आणि घरून पुरणपोळ्या विकणाऱ्या गृहिणीपर्यंत प्रत्येकजण या कायद्याच्या कक्षेत येतो. २०११ च्या विनियमांनी वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी साधी नोंदणी आणि त्यावरच्यांसाठी लायसन्स अशी रेषा आखली होती, आणि नोंदणीचे शुल्क वर्षाला अवघे १०० रुपये ठेवले होते. त्यातून मिळणारा १४ अंकी क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही छापणे बंधनकारक आहे.

खाद्य सुरक्षा अधिकारी दुकानात येतो तेव्हा त्याच्या मनात जी यादी असते, ती याच विनियमांच्या अनुसूची ४ मधून आलेली असते. भाषा सरकारी असली तरी तिच्यामागचे तर्कशास्त्र कोणत्याही सुगरणीला पटेल असे आहे. एक उदाहरण आपल्या रोजच्या नाश्त्याचे घेऊ. गरम खायचा पदार्थ ६० अंश सेल्सियसच्या वर आणि थंड ठेवायचा पदार्थ ५ अंशांच्या खाली असावा, असा दंडक आहे, कारण या दोन आकड्यांमधल्या कोमट पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. इंदूरचे पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर परात ठेवून वाफेवर गरम राखले जातात; ते मऊ राहावेत म्हणून ही रीत पडली, पण त्या रीतीने अनुसूचीतला एक नियम आपोआप पाळला जातो. त्याच पोह्यांची प्लेट मात्र वर्तमानपत्राच्या तुकड्यावर दिली, तर दुसरा नियम मोडतो. २०१८ च्या पॅकेजिंग विनियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला किंवा त्यावर द्यायला मनाई केली आहे, कारण छपाईच्या शाईतली रसायने तेलकट, गरम पदार्थात उतरतात. पोहे देणाऱ्याने सकाळपासून काळजी घ्यायची आणि शेवटच्या क्षणी ती कागदावर घालवायची, असा हा प्रकार आहे.

कढईचेही तसेच. थंडीत सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत गराडू (एक कंद) तळणाऱ्याची कढई संध्याकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत उतरत नाही. तेल वारंवार तापले की त्याचे विघटन होऊन त्यात ध्रुवीय संयुगे (पोलर कंपाउंड्स), म्हणजे तेल खराब झाल्याची खूण असलेले घटक, वाढत जातात. १ जुलै २०१८ पासून त्यांचे एकूण प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरण्यास बंदी आहे. हे मोजण्याचे छोटे यंत्र असते, ते तेलात बुडवले की आकडा दिसतो, त्यामुळे “रंग काळा दिसतो पण तेल चांगलंय साहेब” हा युक्तिवाद आता चालत नाही. मिठाईच्या दुकानांना १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेपुढे ती कोणत्या तारखेपर्यंत खाण्यास योग्य आहे हे लिहून ठेवावे लागते. याशिवाय झाकणाचा कचऱ्याचा डबा, उंदीर-झुरळांचा बंदोबस्त, डोक्यावर टोपी, कापलेली नखे, कच्च्या आणि शिजवलेल्या अन्नासाठी वेगळी जागा, अशा पुष्कळ गोष्टी आहेत. तपासणी-पत्रकात प्रत्येक बाबीला गुण असतात आणि काही बाबींपुढे तारांकन असते. तारांकित बाबीत दुकान नापास झाले, तर बाकी गुण कितीही असोत, ते नियमांचे पालन करत नाही असेच धरले जाते. पिण्यायोग्य पाणी ही यातली मूळ बाब आहे, आणि इथे दुकानदाराच्या हातात सगळे नसते हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. २०२५ च्या डिसेंबरअखेरीस शहरातल्या भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली, तेव्हा ज्याच्या ओट्यावरचा डबा रोज तपासला जातो त्याच्या नळाचे पाणी कोण तपासते, हा प्रश्न शहरापुढे उघडा पडला.

आता नमुन्याकडे येतो, कारण काकूंसारख्या बहुतेकांची झोप तिथेच उडते. नमुने दोन तऱ्हेचे असतात. एक ‘सर्व्हेलन्स’चा, म्हणजे बाजाराचा अंदाज घेण्यासाठी उचललेला, त्याच्या निकालावरून खटला भरता येत नाही. दुसरा कायदेशीर, ज्याला खात्यात ‘लीगल’ नमुना म्हणतात. तो घेताना अधिकाऱ्याने फॉर्म ५-ए ही लेखी सूचना द्यावी लागते, आणि बाजारभावाने नमुन्याची किंमतही मोजावी लागते. अनेक दुकानदार भिडेखातर “राहू द्या साहेब” म्हणतात. ते म्हणू नये, कारण पैसे घेणे ही त्या व्यवहाराचीच एक पायरी आहे. नमुना चार भागांत विभागून सीलबंद केला जातो आणि दुकानदाराची सही घेतली जाते. चारच का, हे समजले की सारी प्रक्रिया समजते. एक भाग राज्याच्या प्रयोगशाळेत खाद्य विश्लेषकाकडे जातो. दोन भाग अभिहित अधिकाऱ्याच्या ताब्यात सुरक्षित राहतात. चौथा भाग दुकानदाराचा हक्क आहे: त्याने मागणी केली, तर तो मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. दोन्ही अहवाल जुळले नाहीत, तर राखून ठेवलेल्या भागांपैकी एक संदर्भ प्रयोगशाळेत जातो आणि तिचा निकाल अंतिम असतो. म्हणजे पहिला अहवाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. पण चौथ्या भागाची मागणी करण्याची वेळ नमुना घेतानाचीच असते, आणि नेमक्या त्या वेळी गल्ल्यावरचा माणूस घाबरून फक्त सही करतो.

विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यावा, असे कायदा म्हणतो. विश्लेषकाचा अहवाल मान्य नसेल, तर तो हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत अभिहित अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अहवालात येणारे शब्द हिंदीतले आणि जडजंबाल असल्यामुळे वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, म्हणून ते उलगडून सांगतो. ‘अवमानक’ म्हणजे ठरलेल्या दर्जाला न उतरणारा, पण अपायकारक असेलच असे नाही. उदाहरणार्थ, ज्या दुधात चरबीचे प्रमाण कमी भरले ते दूध. ‘मिथ्याछाप’ म्हणजे लेबलात खोट: तारीख नाही, घटक लिहिले नाहीत किंवा चुकीचे लिहिले. ‘असुरक्षित’ म्हणजे आरोग्याला घातक, आणि खरी भीती बाळगायची ती या शब्दाची. अवमानक पदार्थासाठी पाच लाख रुपयांपर्यंत, मिथ्याछाप पदार्थासाठी तीन लाखांपर्यंत, अस्वच्छ जागेत पदार्थ बनवल्याबद्दल एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. असुरक्षित अन्नासाठी मात्र तुरुंगवासाचीही तरतूद आहे. हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. प्रत्यक्ष दंड ठरवताना नफा किती झाला, नुकसान किती झाले, चूक पहिल्यांदा झाली की पुन्हा पुन्हा, ती जाणूनबुजून केली की अजाणता, हे पाहावे असे कलम ४९ सांगते. आणि दंड ठरवणारा माणूस दुकानात आलेला अधिकारी कधीच नसतो. तो अधिकार न्यायनिर्णायक अधिकाऱ्याचा, म्हणजे अपर कलेक्टरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याचा आहे, आणि त्याच्यासमोर बाजू मांडण्याची संधी मिळते. कोणी दुकानातच उभे राहून “पाच लाखांचं मॅटर आहे” असे सांगू लागला, तर हे वाक्य आठवावे.

नमुन्याशिवाय, केवळ जागेच्या अस्वच्छतेवरून जी कारवाई होते, तिची पहिली पायरी कलम ३२ ची सुधारणा-सूचना. काय चुकले, कोणत्या नियमाप्रमाणे चुकले आणि काय करायला हवे हे तीत लेखी असावे लागते, आणि सुधारण्यासाठी किमान १४ दिवस द्यावे लागतात. तरीही काही केले नाही, तर लायसन्स स्थगित होते आणि पुढे रद्दही होऊ शकते. लोकांच्या जिवाला तातडीचा धोका असेल, तर वाट न पाहता दुकान बंद करण्याची वेगळी तरतूद आहे. दुसऱ्या बाजूने, अधिकाऱ्याने सबळ कारण नसताना केवळ त्रास देण्यासाठी माल जप्त केला, तर त्यालाही एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असे कलम ३९ म्हणते. आणि अधिकाऱ्याविरुद्ध खोटी तक्रार करणाऱ्यालाही त्याच कलमात ५० हजारांपासून एक लाखापर्यंत दंड आहे. कायद्याने दोन्ही पारड्यांत वजन ठेवले आहे खरे, पण ते पारडे उचलून पाहणारे दुकानदार मी फार पाहिलेले नाहीत.

तिसरी बाजू, कामगाराची. इथल्या व्यापाऱ्यांच्या भाषेत तिचे एकच नाव आहे: गुमाश्ता. १९५८ च्या कायद्याखाली दुकानाची जी नोंदणी होते, तिला सगळे गुमाश्ता म्हणतात, आणि बँकेत चालू खाते उघडताना लागणारा एक कागद यापलीकडे तिच्याकडे कोणी पाहत नाही. गुमाश्ता म्हणजे मुळात दुकानातला कारकून, नोकर. ज्याच्या नावाने कागद ओळखला जातो, त्याच्यासाठीच तो कायदा केला होता, हे विसरले गेले आहे. आठवड्याला ४८ तास काम, मध्ये विश्रांती, आठवड्याची सुट्टी, रजा, यांचा हिशेब त्यात आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांपैकी वेतन संहिता लहानमोठ्या सर्व आस्थापनांना लागू आहे: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा, आणि ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त काम करून घेतले, तर त्या वेळेचे वेतन दुप्पट दराने द्यायचे. जुन्या श्रम निरीक्षकाचे नावही या संहितांनी बदलून ‘निरीक्षक-सह-सुविधाकर्ता’ केले. नाव अवघड असले, तरी त्यामागचा विचार सोपा आहे: कुठे तपासणी करायची हे शक्यतो संगणकाने यादृच्छिक निवडीने ठरवावे, निरीक्षकाने आधी सल्ला द्यावा, आणि पहिल्या चुकीसाठी खटला भरण्यापूर्वी चूक दुरुस्त करण्याची लेखी संधी द्यावी. पाच वर्षांच्या आत तीच चूक पुन्हा झाली, तर ही सवलत मिळत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र सवलतीची भाषा नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवणे हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या लोकांत एक प्रश्न हमखास निघतो, की सुट्टीत माझाच मुलगा दुकानात बसला तर काय? धोकादायक नसलेल्या घरच्या व्यवसायात, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, मुलाने आईवडिलांना हातभार लावला तर चालते. शाळा बुडवून बसवले तर चालत नाही. ‘गावाकडून आणलेला भाच्याचा मित्र’ या नात्याला कायदा ओळखत नाही.

जागा आणि माणूस यांचा संबंध सर्वांत स्पष्टपणे येतो तो व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, हवा-उजेड आणि उभ्याने काम करावे लागणाऱ्यांसाठी बसण्याची सोय, हे सारे तिच्यात आहे. बसण्याची सोय ही किरकोळ बाब वाटत असेल, तर राजवाड्याभोवतालच्या कापडाच्या दुकानांत साड्या उलगडून दाखवणाऱ्या बायकांना विचारावे. केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली आपापल्या दुकान कायद्यांत दुरुस्ती करून बसण्याचा हक्क लिहून दिला, तो अशाच बायकांच्या तक्रारींमुळे. दुकानात स्वच्छतागृह नसल्यामुळे दिवसभर पाणी न पिणाऱ्या कितीतरी जणी असतात, आणि ही गोष्ट कोणत्याही चालानात येत नाही. पण या संहितेची मेख अशी, की तिच्यातली आस्थापना सुरू होते ती दहा कामगारांपासून. चौघे-पाचजण राबणारे कचोरीचे दुकान तिच्या कक्षेत येत नाही. अन्नाचा कायदा हातगाडीपर्यंत उतरतो. कामाच्या जागेचा कायदा दहाव्या माणसापाशी थांबतो.

माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतली खरी फट इथे आहे, आणि ती कागदावर दिसत नाही कारण दोन खाती ती निरनिराळ्या फायलींत पाहतात. अनुसूची ४ म्हणते, की अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी, त्याला विषमज्वरासारख्या आतड्यांच्या रोगांविरुद्ध लस टोचलेली असावी, आणि संसर्गजन्य आजार झालेल्याने अन्नाला हात लावू नये. नियम उत्तम आहे. आता तो पाळायचा कोणी? कढईपाशी उभ्या असलेल्या मुलाला रात्रीपासून जुलाब होत आहेत. तो घरी राहिला, तर त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि दोन दिवस राहिला तर त्याच्या जागी दुसरा उभा असतो. तो येतो, कोणाला काही सांगत नाही, आणि दुपारपर्यंत शंभर प्लेट त्याच्या हाताखालून जातात. त्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र भिंतीवर अडकवलेले असते, आणि तपासणीत त्या बाबीला पूर्ण गुण मिळतात. ज्या दुकानात आजारपणाची भरपगारी रजा नाही, त्या दुकानाची स्वच्छता अर्धीच आहे, मग फरशी कितीही चकचकीत असो. छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीला ‘क्लीन स्ट्रीट फूड हब’चा मान मिळाला तेव्हा विक्रेत्यांना टोप्या-हातमोज्यांची सवय लावली गेली. हे काम मोठेच होते; पण हातमोज्याच्या आतल्या हाताला रजा आहे का, हे विचारणारे पत्रक अजून कोणत्याही खात्याने बनवलेले माझ्या पाहण्यात नाही.

गिऱ्हाइकाच्या हातीही काही साधने आहेत. रस्ता, कचरा, सांडपाणी यांची तक्रार ‘इंदूर ३११’ ॲपवर करावी, खाद्यपदार्थाची ‘फूड सेफ्टी कनेक्ट’वर, आणि कुठेच दाद लागली नाही तर १८१ ही मुख्यमंत्री हेल्पलाइन आहे. कलम ४० प्रमाणे कोणीही साधा ग्राहक विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून खाद्य विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच, की विकत घेतानाच दुकानदाराला तसे सांगायचे. पदार्थ दोषी निघाला, तर शुल्क परत मिळते. या कलमाचा वापर जवळजवळ कोणी करत नाही, कारण नेहमीच्या दुकानदाराला तोंडावर असे सांगायला आपली जीभ रेटत नाही.

दुकानदारासाठी एवढे पुरे: आलेल्या माणसाचे ओळखपत्र पाहावे, त्याने दिलेल्या कागदाची सर्वांत वरची ओळ वाचावी, कारण खाते आणि अधिनियम तिथेच लिहिलेले असतात, आणि वाचून झाल्यावरच सही करून प्रत मागून घ्यावी. तपासणीला अडथळा मात्र करू नये, तो स्वतंत्र गुन्हा ठरतो.

काकूंच्या चकलीचा अहवाल पुढे आला. चकली दर्जाला उतरली होती. पाकिटावर ती बनवल्याची तारीख नव्हती, म्हणून शेरा मिथ्याछाप असा पडला. त्यांनी रबरी शिक्का करून घेतला, आणि सुनावणीच्या दिवशी नव्या शिक्क्याचे पाकीट पिशवीत घालून त्या कलेक्टोरेटमध्ये गेल्या. परत येताना फोनवर म्हणाल्या, “साहेबांनी नीट ऐकून घेतलं हो. पण मला एक सांग, ती माझ्याकडे येते ना भाजणी दळायला, तिला आठवड्याची सुट्टी द्यायची असते, हे तू त्या दिवशी बोललास ते खरंच कायद्यात आहे का?”